कॉम्बॅट रोबोट बनवायचाय? आधी हत्यार बाजूला ठेवा

दरवर्षी डिसेंबरात पवईला आयआयटी बॉम्बेचा टेकफेस्ट झाला की आठवडाभर रोबोवॉरचे रील्स फिरत असतात. दोन लोखंडी पेट्या एकमेकींवर धावून जातात, ठिणग्यांचा फवारा उडतो, एक पेटी हवेत गिरकी घेऊन पाठीवर आपटते आणि काचेबाहेरची पोरं घसा फाटेस्तोवर ओरडतात. आणि मग मला मेसेज सुरू होतात. कोणाचा भाचा अकरावीत आहे, कोणी डिप्लोमाच्या सेकंड इयरला आहे, एका ताईंनी तर त्यांच्या सातवीतल्या मुलीसाठी विचारलं होतं. प्रश्न सगळ्यांचा एकच, "दादा, मोटर कुठली घेऊ?" आणि मोटर म्हणजे हत्याराची मोटर बरं का, चाकांची कोणीच विचारत नाही.

म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवावं. मी काही प्रोफेसर वगैरे नाही, बरीच वर्षं हे रोबोट बनवतोय, मोडतोय, परत बनवतोय आणि नव्या पोरांना मदत करतोय, एवढंच. आणि इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय ते आधीच सांगून टाकतो. पहिला रोबोट छोटा बनवा, अर्ध्या किलोच्या आतला, आणि त्याला फिरणारं हत्यार लावू नका. का ते खाली येईलच.

हा खेळ नेमका आहे काय

दोन रिमोटवर चालणारी यंत्रं एका बंद पिंजऱ्यात सोडतात. पिंजऱ्याच्या भिंती पॉलिकार्बोनेटच्या असतात, म्हणजे काचेसारखं आरपार दिसणारं पण हातोड्याने पण न फुटणारं प्लास्टिक. लढत साधारण तीन मिनिटांची. समोरच्याचा रोबोट जागेवरून हलेनासा झाला की पंच दहा आकडे मोजतात, तोवर हलला नाही तर तो आउट. दोघंही शेवटपर्यंत चालते राहिले तर पंच निकाल देतात, आणि ते तीन गोष्टी बघतात, कोणी जास्त मोडतोड केली, कोण अंगावर जात होता आणि कोणाचा रोबोट ड्रायव्हरच्या ताब्यात होता.

याची सुरुवात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला झाली असं धरतात, १९९४ साली. मार्क थॉर्प नावाचा माणूस घरासाठी रिमोटवर चालणारा व्हॅक्युम क्लीनर बनवायच्या खटपटीत होता, तो काही नीट जमला नाही, पण त्यातून त्याला यंत्रांच्या कुस्तीची कल्पना सुचली आणि त्याने रोबोट वॉर्स नावाची स्पर्धा भरवली. पुढे त्याच नावाने इंग्लंडात बीबीसीवर कार्यक्रम आला, अमेरिकेत बॅटलबॉट्स आलं आणि तिथून ही लागण जगभर पसरली. बॅटलबॉट्समधले रोबोट २५० पाउंडांपर्यंतचे असतात म्हणजे जवळजवळ ११३ किलो. आपल्याकडे कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये ८ किलो, १५ किलो, ३० किलो, ६० किलो असे गट चालतात. कुस्तीत कसे वजनी गट असतात तसंच हे, वजनकाट्यावर एक ग्रॅम जरी जास्त भरला तरी रोबोट आत जात नाही.

पण ही तर रिमोटची गाडी झाली, रोबोट कशी?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो बरोबर आहे. यातली बहुतेक यंत्रं स्वतः काही ठरवत नाहीत, ड्रायव्हर बाहेर रिमोट घेऊन उभा असतो. शब्दाच्या काटेकोर अर्थाने याला रोबोट म्हणायचं की नाही यावर वाद घालता येईल, पण नाव रूढ झालंय. आणि खरं सांगू का, शिकायला जे मिळतं त्यात काहीच कमी पडत नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, मटेरियल, डिझाइन, सगळं एका चपलेच्या खोक्याएवढ्या जागेत कोंबायचं आणि ते मार खाऊनही चाललं पाहिजे. परीक्षेत पेपर तपासणारा दोन मार्क इकडेतिकडे करेल, इथे कच्चं काम पहिल्या टक्करीला बाहेर पडतं.

आतमध्ये काय काय असतं

घरावरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. बॅटरी म्हणजे ती टाकी. टाकी किती उंचावर आहे ते व्होल्टेज, टाकीत पाणी किती ते बॅटरीचे मिलीअँपिअर-अवर, आणि टाकीतून निघणारा पाइप किती जाड आहे ते म्हणजे बॅटरीवर लिहिलेला सी-रेटिंगचा आकडा. १००० मिलीअँपिअर-अवरच्या बॅटरीवर ५०सी लिहिलेलं असेल तर कागदोपत्री ती ५० अँपिअर देऊ शकते. कागदोपत्री म्हणतोय कारण हे आकडे बऱ्याचदा वाढवून छापलेले असतात, तेव्हा हिशोब करताना थोडं मागे राहूनच करायचा.

टाकी आणि नळ यांच्या मधला कॉक म्हणजे ईएससी, मोटरला किती करंट सोडायचा ते ठरवणारा छोटा सर्किट बोर्ड. हा कॉक कोण फिरवतं, तर रिसीव्हर, जो तुमच्या हातातल्या रिमोटचं ऐकतो. आणि शेवटी मोटर. मोटरला गिअरबॉक्स हवाच, कारण नुसती मोटर फिरते भराभर पण तिच्यात जोर नसतो, सायकलचा चढावरचा गिअर टाकल्यासारखं वेग कमी करून जोर वाढवावा लागतो.

झालं, चाकांचा रोबोट म्हणजे एवढंच. बॅटरी, दोन ईएससी, दोन गिअरवाल्या मोटर, रिसीव्हर, रिमोट आणि एक स्विच. उजवं चाक पुढे डावं मागे केलं की रोबोट जागच्या जागी गर्रकन फिरतो, वेगळं स्टिअरिंग लागतच नाही.

मग ते फिरणारं हत्यार एवढं कसं मारतं

लहानपणी शेतात गोफण फिरवलेली असेल किंवा निदान कोणाला फिरवताना बघितली असेल. दगड तोच, हात तोच, पण हाताने फेकलेला दगड पाखराला नुसता उडवून लावतो आणि गोफणीतला दगड डोकं फोडतो. कारण गोफण चार-पाच फेऱ्यांत हळूहळू ताकद साठवते आणि ती एका क्षणात सोडते. स्पिनर रोबोट हेच करतो. छोटी मोटर दोन-तीन सेकंद घेऊन एक जड चकती फिरवत नेते आणि टक्कर होते तेव्हा ती सगळी साठवण सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात समोरच्याच्या अंगावर रिकामी होते.

आकड्यात बघू. समजा १ किलोची सपाट गोल चकती आहे, मधल्यापासून कडेपर्यंत १० सेंटिमीटर, आणि ती मिनिटाला ६००० फेरे फिरतेय. गणित केलं तर तिच्यात साधारण ९८७ ज्यूल ऊर्जा निघते. ज्यूल म्हणजे काय ते सोडा, १ किलोचं वजन १०० मीटर उंचीवरून, म्हणजे जवळपास तीस मजली इमारतीच्या गच्चीवरून सोडलं तर खाली पोचेपर्यंत जेवढा तडाखा साठेल तेवढं हे. आणि चकतीची कड ताशी २२६ किलोमीटरने धावत असते. हे सगळं एका १ किलोच्या चकतीत, जी दोन हातांत मावते.

अजून एक, फेरे दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणूनच नव्या पोरांना वाटतं की बस, मोटर फास्ट घ्यायची, फेरे वाढवायचे, आपण जिंकलो.

मग फेरे वाढवत का नाही जायचे

कारण हत्यार समोरच्याला लागलं पाहिजे ना. छताचा पंखा एक नंबरवर असताना बघा, पाती सुटी सुटी दिसतात, मधून पलीकडचं छत दिसतं. पाचवर टाका, नुसती एक सपाट चकती दिसते. स्पिनरचं तेच होतं. फेरे इतके वाढले की चकतीच्या कडेला पुढे आलेल्या दोन दातांच्या मध्ये समोरचा रोबोट शिरूच शकत नाही, दात नुसता घासत राहतो, किर्र आवाज येतो, दोन ठिणग्या उडतात आणि समोरचा आरामात ढकलत नेतो.

याला आम्ही लोक बाइट म्हणतो, चावा. ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १००. चकतीला एकच दात असेल तर तो दर १० मिलिसेकंदांनी येतो. तुम्ही आणि समोरचा मिळून सेकंदाला ३ मीटर वेगाने जवळ येत असाल तर तेवढ्या वेळात तो ३० मिलिमीटर आत शिरतो, म्हणजे दाताला जास्तीत जास्त तेवढा चावा मिळू शकतो. दोन दात केले की चावा अर्धा, १५ मिलिमीटर. फेरे दुप्पट केले तरी तेच. त्यामुळे अनुभवी लोकांच्या चकतीला बघाल तर एकच दात असतो आणि दुसऱ्या बाजूला नुसतं वजन ठेवून तोल सांभाळलेला असतो. आणि नीट बघा, चावा वाढवायचा दुसरा रस्ता काय आहे, समोरच्याच्या अंगावर जोरात जाणं. म्हणजे हत्याराचा प्रश्न सुद्धा फिरून चाकांवरच आला.

दुसरं लफडं भोवऱ्याचं. जोरात फिरणारा भोवरा बोटाने ढकलून बघा, तो ज्या बाजूला ढकलला त्या बाजूला न पडता भलत्याच बाजूला कलतो. उभी चकती फिरवणारा रोबोट वळायला लागला की अगदी हेच होतं, एका बाजूचं चाक जमिनीवरून उचललं जातं आणि रोबोट एका चाकावर नाचायला लागतो. ते सांभाळायला हात बसावा लागतो. टीव्हीवर हे रोबोट सफाईने वळताना दिसतात त्याच्यामागे वर्षानुवर्षांचं ड्रायव्हिंग आहे.

आणि तिसरं, प्रत्येक तडाखा दोघांना बसतो. समोरचा जेवढा उडाला तेवढाच धक्का तुमच्या सांगाड्याला, बेअरिंगला, बॅटरीला बसला. म्हणून हत्यार आणि मोटर सहसा थेट जोडत नाहीत, मध्ये बेल्ट टाकतात. पिठाच्या गिरणीचा पट्टा कसा जातं अडकलं की सरकतो आणि मोटर वाचते, तसाच हा बेल्ट टक्करीच्या क्षणी सरकतो. आतली इलेक्ट्रॉनिक्स पण हापूसच्या पेटीत आंबे पेंढ्यात ठेवतात तशी फोममध्ये बसवायची, कुठे लोखंडाला थेट टेकता कामा नये.

लोखंड घ्यायचं का स्टील, का अजून काही

इथे मी जरा जास्त बोलणार कारण मला हा भाग फार आवडतो.

सुरुवातीला आम्हाला वाटायचं जेवढं कडक तेवढं चांगलं. एकदा हत्याराचं पातं बनवून भोसरी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये हार्डनिंगला, म्हणजे कडक करायला दिलं. घ्यायला गेलो तर काकांनी पातं व्हाइसमध्ये धरलं, कानस घेतली आणि पात्याच्या कडेवरून ओढली. कानस नुसती घसरत गेली, एक कण निघाला नाही. मला तर आनंद झाला, म्हटलं काका एक नंबर झालंय. ते म्हणाले, "पाणी जास्त चढलंय रे बाळा, हे काचेसारखं फुटंल. थांब, परत गरम करून देतो." आणि त्यांनी ते परत भट्टीत टाकलं, यावेळी कमी तापमानाला, आणि हळूहळू निवू दिलं. दुसऱ्यांदा कानस ओढली तेव्हा ती किंचित, अगदी किंचित धरत होती. त्या आवाजातला फरक मला अजून आठवतो, पहिल्यांदा काचेवर नख ओढल्यासारखा आणि दुसऱ्यांदा खर्र असा जाड.

गावचा लोहार विळ्याला, कुऱ्हाडीला पाणी देतो ते हेच. लाल झालेलं पोलाद एकदम थंड केलं की कडक होतं पण ठिसूळ पण होतं, म्हणून परत थोडं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. याला टेम्परिंग म्हणतात. कॉम्बॅट रोबोटच्या हत्याराला धार टिकवण्यापेक्षा न फुटणं जास्त महत्त्वाचं. पातं वाकलं तर पुढच्या लढतीत ठोकून सरळ करता येतं, तुकडा पडला तर तोल गेला आणि हत्यार संपलं.

मोठ्या रोबोटमध्ये हार्डॉक्स नावाचं पोलाद फार वापरतात, खडी-मातीच्या डंपरच्या हौद्याला लावतात तेच. ते तयार पाणी दिलेलंच येतं, त्यामुळे त्याच्यावर बेफाम वेल्डिंग केलं की तेवढ्या जागेचं पाणी उतरतं आणि ती जागा मऊ पडते, हे लक्षात ठेवा.

पण तुमच्या पहिल्या रोबोटला यातलं काहीच नकोय. स्वयंपाकघरातला पांढरा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड बघितलाय ना? बरेचसे बोर्ड एचडीपीई नावाच्या प्लास्टिकचे असतात. हे प्लास्टिक तडाखा बसला की फुटत नाही, दबतं, खरचटतं आणि तसंच राहतं. करवतीने कापता येतं, साध्या ड्रिलने भोक पडतं. भांड्यांच्या दुकानातून एक बोर्ड आणा, त्यात अख्ख्या रोबोटचा सांगाडा निघतो. ॲक्रिलिक मात्र अजिबात घेऊ नका, दिसायला छान दिसतं पण पहिल्याच टक्करीला तडकतं.

सुरुवात कुठल्या वजनाने करायची

४५४ ग्रॅम, म्हणजे एक पाउंड. या गटाला अँटवेट म्हणतात, मुंगीवजनी म्हणा. (इंग्लंडात याच नावाचा गट १५० ग्रॅमचा आहे, तेव्हा ऑनलाइन बघताना गोंधळू नका.) त्याच्या वर बीटलवेट, १.३६ किलो.

आपल्याकडच्या पोरांची गडबड अशी होते की कॉलेजची टीम आहे, सीनिअर १५ किलोत उतरलेत, मग आपणही १५ किलोच. स्पॉन्सर शोधा, लाखाच्या घरात खर्च करा, सहा महिने बनवा आणि पहिल्या लढतीत सव्वा मिनिटात बाहेर. शिकायला मिळतं ते सव्वा मिनिटाचंच.

छोटा रोबोट नुसता स्वस्त पडतो असं नाही, तो त्याच्या मानाने जास्त दणकट पण असतो. मुंगी माडीवरून पडली तरी उठून चालायला लागते, म्हैस गोठ्याच्या पायरीवरून घसरली तरी पाय मोडतो. कारण लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं पण पायाच्या हाडाचा काप, म्हणजे हाड आडवं कापलं तर दिसेल तेवढा भाग, चौपटच होतो. अर्ध्या किलोचा रोबोट पिंजऱ्याच्या छताला आपटून खाली पडला तरी बहुतेक वेळा चालू राहतो. मोडला तरी चार स्क्रू काढून अर्ध्या तासात परत उभा. एका दिवसात पाच-सहा लढती खेळून होतात आणि प्रत्येक लढत काहीतरी शिकवते.

आणि हत्यार नको म्हणजे काय करायचं मग?

वेज बनवा. वेज म्हणजे पुढे उतार असलेला रोबोट, पाचर. तव्यावरची भाकरी काढायला उलथनं कसं तिच्या खाली घालता, उलथन्याची कड पातळ आणि तव्याला चिकटून पाहिजे, मध्ये जराशी फट राहिली तरी भाकरी पुढे सरकते पण वर येत नाही. वेज अगदी तसाच. ज्याची कड जमिनीला जास्त चिकटून तो समोरच्याच्या खाली शिरतो, आणि खाली शिरला की समोरच्याची चाकं वर, मग त्याची मोटर कितीही भारी असू दे. तिथून त्याला भिंतीपर्यंत ढकलत न्यायचं.

वेजमध्ये तुम्ही तीन गोष्टी शिकता ज्या पुढे कुठल्याही रोबोटला लागतातच. न सुटणारं वायरिंग, न थांबणारी चाकं आणि ड्रायव्हिंग. हे जमलं की दुसऱ्या रोबोटला खुशाल स्पिनर लावा, मीच डिझाइन बघून देईन.

माझी दुसरीच स्पर्धा होती, ८ किलोचा गट. आमच्या रोबोटला पुढे ड्रम होता, म्हणजे दात लावलेला आडवा फिरणारा लोखंडी दंडगोल, आणि तो खरंच जबरदस्त झाला होता. समोर एक साधा वेज, पत्र्याला लाल रंग मारलेला. पहिल्याच टक्करीत आम्ही त्याला अर्धा मीटर वर उडवला, पोरं किंचाळली. तो खाली पडला, सरळ झाला आणि परत आला. दुसऱ्या टक्करीनंतर मी वळायला स्टिक डावीकडे टाकली आणि रोबोट नुसता थरथरला. डाव्या चाकाच्या मोटरची वायर सोल्डरिंगच्या जागी तुटली होती. चाकाच्या मोटरचं ते टर्मिनल नखाएवढं असतं, त्यावरचा टाका आम्ही आदल्या रात्री घाईत मारला होता आणि वायरला कुठे आधार दिला नव्हता. त्या लाल वेजने आम्हाला कोपऱ्यात नेऊन दाबलं, दुसरं चाक पण पिंजऱ्याच्या कडेत अडकलं आणि पंचांनी मोजायला सुरुवात केली. दहा म्हणाले तेव्हा आमचा ड्रम पूर्ण वेगात फिरत होता.

त्या दिवसापासून मी प्रत्येक टाक्यावर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी चढवतो, वर हॉट ग्लूचा थेंब सोडतो आणि वायर थोडी सैल ठेवून टायने सांगाड्याला बांधतो, म्हणजे ओढ बसली तर टायला बसते, टाक्याला बसत नाही. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, थरथरून सैल न होणारे, आणि धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळं लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद. लाल लॉकटाइट लावू नका, मग ते तापवल्याशिवाय निघत नाही.

खर्च किती येतो

अँटवेट वेजला सगळं नवीन घेतलं तर १० हजारांच्या आतबाहेर धरून चाला. त्यातला मोठा वाटा रिमोट आणि बॅटरीच्या चार्जरचा, आणि हे दोन्ही एकदाच घ्यायचे असतात, पुढचे चार रोबोट त्याच्यावरच चालतात. म्हणून रिमोट आणि चार्जर यात काटकसर करू नका, बाकी सगळीकडे करा. मोटर एन२० नावाच्या घ्या, बोटाच्या पेराएवढ्या असतात, गिअर मात्र धातूचेच बघून घ्या, आणि दोन जास्तीच्या घ्याच.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत. तिथे जायचा फायदा असा की काउंटरवरचा माणूस तुम्हाला दोन ईएससी हातात देऊन फरक सांगतो. लांब राहत असाल तर ऑनलाइन पण सगळं येतं. आणि सांगली, कोल्हापूर, नगर, जळगाव, कुठेही एमआयडीसीत लेथवाला, लेझर कटिंगवाला असतोच. त्याला छोटं जॉबवर्क घेऊन जा, आपण काय बनवतोय ते सांगा, माझा अनुभव आहे की ही माणसं जीव लावून काम करून देतात.

पण हे धोक्याचं नाही का?

आहे. आईवडील विचारतात तेव्हा मी कधीच नाही म्हणत नाही. पण धोका कुठे आहे ते माहीत असलं की सांभाळता येतं, आणि पिंजऱ्यात लढत चालू असताना तो सगळ्यात कमी असतो. धोका असतो टेबलावर, दुरुस्ती करताना आणि चार्जिंग करताना.

पहिली गोष्ट बॅटरी. यात लिथियम पॉलिमर बॅटरी वापरतात, सगळे लिपो म्हणतात. मोबाइलची बॅटरी याच कुळातली, पण मोबाइलच्या बॅटरीला जपायला फोनमध्ये सर्किट असतं, इथे ते काम तुम्हाला करायचंय. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, त्याच्या वर नेला तर पेट घेऊ शकतो. ३ व्होल्टच्या खाली उतरला तर खराब होतो. वापरायची नसेल तेव्हा सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवायची. चार्जिंगला बॅलन्स चार्जरच हवा, जो प्रत्येक सेल वेगळा तपासतो, आणि करंट बॅटरीच्या क्षमतेएवढाच, १००० मिलीअँपिअर-अवरला १ अँपिअर. चार्जिंग लावून झोपायचं नाही, बाहेर जायचं नाही. जवळ कोरड्या वाळूची बादली. फुगलेली, ठेचलेली, भोक पडलेली बॅटरी कितीही महाग असली तरी परत वापरायची नाही.

दुसरी गोष्ट फेलसेफ. रिमोटचा सिग्नल तुटला की रोबोटने आपोआप थांबलं पाहिजे, ही सेटिंग रिसीव्हरमध्ये करावी लागते. एका स्पर्धेत तयारीच्या हॉलमध्ये एका पोराने रोबोट चालू असताना आधी रिमोट बंद केला. फेलसेफ सेट नव्हता. रोबोटने शेवटची आज्ञा धरून ठेवली आणि तो टेबलावरून सुटला, खाली पडून तसाच पुढे गेला, बाकाखाली बसून वायरिंग करणाऱ्या एका मुलाच्या पायापासून वीतभर अंतरावर भिंतीला धडकला. हत्यार फिरत नव्हतं म्हणून काही झालं नाही. तो मुलगा नंतर बराच वेळ नुसता बसून होता. तेव्हापासून मी मदत करतो त्या प्रत्येक रोबोटची पहिली चाचणी तीच असते, चाकं हवेत ठेवून मोटर फिरवायची आणि रिमोट बंद करायचा, सगळं थांबलं तरच पुढे. टेबलावर रोबोट कायम लाकडी ठोकळ्यावर, चाकं अधांतरी. चालू करताना रिमोट आधी आणि रोबोट नंतर, बंद करताना रोबोट आधी आणि रिमोट नंतर.

आणि स्पिनर बनवाल तेव्हा तो घराच्या हॉलमध्ये, गच्चीवर, पार्किंगमध्ये फिरवून बघायचा नाही. कधीच नाही. वर तीस मजल्यांचा हिशोब दिलाय तो आठवा. चाचणी फक्त बंद पिंजऱ्यात, आणि पिंजऱ्याबाहेर हत्याराला खिट्टी लावलेली पाहिजे, म्हणजे चुकून मोटर चालू झाली तरी ते फिरणार नाही.

शेवटी मोडायचंच तर एवढी मेहनत कशाला?

हे मला माझ्या आजीने पण विचारलं होतं, आणि पैसे घालून वस्तू फोडायची म्हटल्यावर तिला वाटलेली हळहळ मला समजते. मी तिला दिवाळीतला किल्ला दाखवला होता. आम्ही पोरं चार दिवस चिखलात हात घालून किल्ला करायचो, दिवाळी संपली की तो मोडायचा, आणि पुढच्या वर्षीचा किल्ला जास्त चांगला व्हायचा कारण बुरूज कुठे ढासळला ते आम्ही बघितलेलं असायचं.

लढतीनंतर तयारीच्या टेबलांपाशी एकदा जाऊन उभे राहा. ज्याने तुमचा रोबोट फोडला तोच पाना घेऊन तुमच्याकडे येतो, आपली जास्तीची मोटर देतो, बसून सोल्डरिंग करून देतो. त्या लाल वेजवाल्या पोराने माझी तुटलेली वायर हातात घेतली, टर्मिनल घासून आधी त्यावर थोडं सोल्डर चढवून घेतलं, मग वायरवर चढवलं आणि नंतर दोन्ही एकत्र धरून तापवलं. टाका आरशासारखा चमकला. "आधी दोघांना वेगवेगळं टिनिंग कर, असं सोल्डर चढवून घे, मग जोड, मग सुटत नाही," एवढंच म्हणाला आणि स्वतःच्या पुढच्या लढतीला गेला. आमचा हॅण्ड ड्रिल पण तो घेऊन गेला होता, संध्याकाळी आणून दिला.

तेव्हा या शनिवारी चॉपिंग बोर्ड आणा आणि त्यावर पेन्सिलने मोटर, बॅटरी, रिसीव्हर खरोखर ठेवून त्यांच्याभोवती रेघा मारा, सगळं मावतंय का बघा. वजनाला २० ग्रॅम मोकळे सोडा, वायर आणि स्क्रूचं वजन कोणीच धरत नाही. आणि रोबोट चालायला लागला की हॉलमध्ये चार पावलांवर दोन तांबे ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा मारत राहा. रोबोट तुमच्याकडे तोंड करून येत असतो तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, सुरुवातीला प्रत्येक जण तिथेच चुकतो. रोज वीस मिनिटं, तांब्याला धक्का न लागता सलग दहा फेऱ्या होईपर्यंत. मग मला मेसेज करा, पुढच्या स्पर्धेचे नियम आपण एकत्र बसून वाचू.